दिसला नाही, तरी नोंद

हंस तारकासमूहात एसएस सिग्नी नावाचा एक तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो कधीच दिसत नाही. एरवी त्याची प्रत १२ च्या आसपास असते, म्हणजे चांगल्या दुर्बिणीतही बारीकसा ठिपका. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप. तिचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक, हे आधीच सांगून ठेवतो.) मग सरासरी पन्नासेक दिवसांनी तो एकाएकी भडकतो. दिवसाभरात प्रत ८ पर्यंत चढतो, जवळजवळ चाळीसपट तेजस्वी होतो, आठवडा-दोन आठवडे उजळलेला राहतो आणि हळूहळू पुन्हा पहिल्या जागी येतो. पुढचा भडका कधी, ते आधी कुणालाच सांगता येत नाही. कधी महिन्याभरात येतो, कधी दोन-अडीच महिने वाट बघायला लावतो.

१८९६ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत काम करणाऱ्या लुईझा वेल्स यांना तो सापडला. सापडला तोही दुर्बिणीतून नव्हे, आकाशाच्या फोटोंच्या काचा तपासताना. त्या काळी तिथं रात्री दुर्बिणीशी बसायचं काम पुरुषांचं, आणि दिवसा काचा पारखायचं, आकडे मांडायचं काम बायकांचं. त्या दिवसापासून आजवर, सव्वाशेहून अधिक वर्षांत, या ताऱ्याचा एकही भडका नजरेतून सुटलेला नाही. आठशेहून जास्त भडके झाले असतील. मधे दोन महायुद्धं झाली, राज्यं आली नि गेली, आणि ज्यांनी पहिली पानं लिहिली त्यांची पतवंडं म्हातारी झाली. नोंद मात्र चालू आहे.

मी खानापुरात एका सोसायटीत क्लार्क आहे. दिवसभर किर्द, खतावणी, पिग्मीच्या पावत्या. तेरीज जुळली नाही तर एका रुपयासाठी सगळे खोळंबून बसतात. त्यामुळे सव्वाशे वर्षांची वही, तीही हजारो माणसांनी आपापल्या अंगणात उभं राहून लिहिलेली, आणि तिच्यात खाडा नाही, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ताऱ्याआधी मला त्या वहीचंच अप्रूप वाटलं. आकाशात तारे पुष्कळ आहेत. अशी वही मी दुसरी ऐकलेली नाही.

ती सांभाळते अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स नावाची संस्था, १९११ पासून. नाव अमेरिकेचं असलं तरी नोंदी जगभरातून येतात. ज्यांचं तेज कमी-जास्त होतं त्यांना आपण रूपविकारी तारे म्हणतो. अशा ताऱ्यांची त्या रात्रीची प्रत ठरवायची आणि कळवायची, एवढंच काम. पाठवणाऱ्यांत शेतकरी असतात, शिक्षक असतात, डॉक्टर, टपाल खात्यातली माणसं. कुणाला यासाठी दमडी मिळत नाही. मोठ्या वेधशाळांना हे परवडणारं नाही. त्यांच्या दुर्बिणीचा एकेक तास आधीपासून वाटून दिलेला असतो. काहीच न करणाऱ्या ताऱ्याकडे रोज जाऊन ‘काय रे बाबा, काय म्हणतोस?’ विचारायला त्यांच्याकडे वेळ कुठला? ते हौशी माणसांनीच करायचं.

आमचं गाव जांबोटीच्या बाजूला, भातशेती आणि रताळ्यांच्या रानांमधलं. बेळगाव शहरात आता आकाश राहिलेलं नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढून रात्री शहराकडे बघितलं की तिकडचं क्षितिज पिवळट दिसतं. पण खानापूर सोडून पश्चिमेला कणकुंबीकडे जाऊ तसं जंगल दाटत जातं आणि अंधार अजून टिकून आहे. नोव्हेंबरातल्या सुगीच्या दिवसांत मी माझी आठ इंची दुर्बीण खळ्यावर नेतो. भाताच्या गंजी रचलेल्या असतात, राखणीला माणसं असतात, कारण रात्री गवे उतरतात. त्या मोकळ्या जागेत उत्तरेचं आकाश झाडांच्या आड येत नाही.

हंसाच्या शेपटीकडचा ठळक तारा सगळ्यांना ठाऊक असतो. तिथून पूर्वेकडे सरकत सरकत ७५ सिग्नी या तांबूस ताऱ्यापर्यंत यायचं. अंधार चांगला असेल तर तो नुसत्या डोळ्यांनाही जेमतेम दिसतो. त्याच्यापासून पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहून किंचित जास्त अंतरावर आपलं गिऱ्हाईक. हातात नकाशाचा कागद, डोक्याला लाल जिलेटिन लावलेली बॅटरी, कारण पांढऱ्या उजेडानं डोळ्यांची अंधारात मुरलेली नजर घटकेत जाते. कागदावर आजूबाजूच्या ताऱ्यांच्या प्रती लिहिलेल्या असतात: ९६, १०९, ११८. यांचा अर्थ ९.६, १०.९, ११.८. मधला टिंब मुद्दाम गाळलेला असतो, नाहीतर तोही एखादा तारा वाटायचा. मग ठरवायचं: आपला तारा याच्याहून अंधुक, त्याच्याहून ठळक, दोघांच्या मधे साधारण कुठं? तो आकडा आणि वेळ वहीत. ताराच दिसला नाही, तर दिसलेला सर्वांत अंधुक शेजारी कुठला तो लिहायचा आणि त्यापुढे ‘याहून अंधुक’ अशी खूण करायची. तीही नोंद धरतात. तिला तितकाच मान आहे, कारण भडका नेमका कुठल्या रात्री सुरू झाला हे कळायला आदल्या रात्री तो नव्हता, हे कुणीतरी लिहिलेलं असावं लागतं.

एकदा राखणीला आलेली शेजारची आज्जी उठून जवळ आली. “काय बघूलालास रे रोज रोज?” मी तिला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, मधोमध एक अगदी बारीक तारा आहे, दिसतो का बघ. बराच वेळ ती बोलली नाही. मला वाटलं, दिसत नसणार. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा. मग म्हणाली, “सरळ बघितलं की जातंय बघ. जरा वळून बघितलं की येतंय.” अंधुक तारा बघायची हीच रीत आहे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग उजेडात बारीक बघायला तयार झालेला असतो. अंधारात कडेचा भाग जास्त जागा असतो. मला हे वाचून शिकावं लागलं होतं. आज्जीला कुणी शिकवायची गरज पडली नाही. रानाच्या कडेला हाललेलं काय ते बघण्यात तिचं आयुष्य गेलेलं. त्या रात्री तारा ११.९ होता. तिनं आणि मी दोघांनी मिळून ठरवलं.

आता तिथं खरोखर घडतं काय, ते सांगतो.

एसएस सिग्नी हा एक तारा नाही, जोडी आहे. त्यातला एक श्वेतबटू. आपलं इंधन जाळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. वस्तुमान सूर्याच्या जवळपास जाणारं, आकार मात्र पृथ्वीएवढा. दुसरा सूर्याहून लहान, सूर्याहून थंड, नारिंगी. दोघांच्या केंद्रांमधलं अंतर साधारण सूर्याच्या व्यासाएवढंच. इतक्या जवळून ते साडेसहा तासांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. मी सकाळी सोसायटीचं शटर वर करून संध्याकाळी खाली ओढेपर्यंत त्यांचं एक वर्ष होऊन दुसरं लागलेलं असतं.

नारिंगी तारा श्वेतबटूच्या ओढीनं ताणला जाऊन एका बाजूला निमुळता झालेला आहे. त्या टोकाशी एक जागा अशी येते, जिथं वायू धड याचाही नाही आणि त्याचाही नाही. एदुआर रॉश या फ्रेंच गणितज्ञानं एकोणिसाव्या शतकात या हद्दीचं गणित मांडलं. तिथून वायू ओघळून श्वेतबटूकडे जातो, पण सरळ जाऊन पडत नाही. त्याच्या अंगी फिरण्याची गती असते, म्हणून तो श्वेतबटूभोवती चकरा मारत राहतो आणि त्याची तबकडी तयार होते. सगळा खेळ या तबकडीत आहे.

भाताच्या वाफ्याला पाणी देताना हे मी नेहमी बघत आलोय. पाटातून पाणी येतच असतं, एकाच धारेनं. खालच्या तोंडाशी पालापाचोळा अडकतो, पाणी वाफ्यात चढत जातं, वरून बघणाऱ्याला काहीच घडत नाहीसं वाटतं. मग एका क्षणी तो अडसर सुटतो आणि साठलेलं सगळं पाणी खालच्या वाफ्यात धावतं. येणारी धार वाढलेली नसते. बदललेली असते ती पुढं जायची वाट. तबकडीतला वायू थंड असतो तेव्हा तो आतल्या बाजूला फार सावकाश सरकतो आणि साठत जातो. साठता साठता तापतो. तापमान काही हजार अंशांवर गेलं की त्यातल्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, वायूचे थर एकमेकांवर जास्त घासू लागतात, आणि तबकडीभर तीच लाट पसरत जाऊन साठलेला वायू आत ओढला जातो. खाली कोसळणाऱ्या वायूच्या ऊर्जेचा उजेड होतो. तोच आपल्याला दिसणारा भडका. तबकडी रिती झाली की निवते आणि पुन्हा साठवण सुरू.

योजी ओसाकी या जपानी खगोलशास्त्रज्ञांनी हा विचार १९७४ मध्ये मांडला. काहींचं म्हणणं वेगळं होतं: वायूचा लोटच मधूनमधून वाढत असेल. वाद बरीच वर्षं चालला, आणि त्यातली सर्वांत मोठी अडचण या एसएस सिग्नीनंच उभी केली. हबल दुर्बिणीनं त्याचं अंतर मोजलं ते पाचशेहून अधिक प्रकाशवर्षं आलं. तारा इतक्या लांब असून एवढा दिसत असेल तर तो मुळात फारच तेजस्वी, म्हणजे वायूचा ओघही तितकाच मोठा. मग तबकडी कायम तापलेलीच राहायला हवी, भडके यायलाच नकोत! ज्या ताऱ्यावरून हे शास्त्र शिकले, त्याच ताऱ्याला ते लागू पडेना.

याचा निकाल लागला २०१३ मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठातले जेम्स मिलर-जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ दुर्बिणींची मोठी साखळी वापरून अंतर पुन्हा मोजलं. ते सुमारे ३७० प्रकाशवर्षं निघालं. इतक्या अंतरावर हिशेब चोख जुळतो. पण हे मोजायला एक अडचण होती. हा तारा रेडिओ लहरी सोडतो तो फक्त भडक्याच्या वेळी, त्याही थोडेच दिवस. भडका कधी येणार हे तर माहीत नाही. तेव्हा जगभरातल्या हौशी निरीक्षकांना सांगून ठेवलं गेलं: उजळायला लागला की ताबडतोब कळवा. कुणाच्या तरी परसातल्या दुर्बिणीत आकडा चढलेला दिसायचा, निरोप जायचा, आणि तिकडे रेडिओ दुर्बिणींच्या अवाढव्य थाळ्या त्या दिशेला वळायच्या. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. मी त्या वेळी कुठंच नव्हतो, तरीही वाटतो.

या जातीचा पहिला तारा यू जेमिनोरम, मिथुन राशीतला. १८५५ च्या डिसेंबरात जॉन रसेल हाइंड यांना इंग्लंडमध्ये तो दिसला. त्यानंतर त्याचा पाठपुरावा ज्यांनी केला त्यांतले एक नॉर्मन पॉग्सन पुढे १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आले आणि मरेपर्यंत तिथंच राहिले. आज आपण ताऱ्यांच्या प्रती ज्या मापानं सांगतो ते माप या पॉग्सन यांनीच पक्कं केलेलं. त्यांच्या हाताखाली चिंतामणी रघुनाथाचारी होते, ज्यांनी १८६७ मध्ये नवा रूपविकारी तारा शोधला. म्हणजे ही विद्या आपल्या दक्षिणेत दीडशे वर्षं मुरलेली आहे. शाळेत हे कुणी सांगितलं नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

पण माझं मन ज्यांच्यापाशी थांबतं ते राधागोविंद चंद्र.

१८७८ चा जन्म, बंगालातल्या जेसोरजवळचं गाव. प्रवेश परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाले. मग जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी धरली. काम काय, तर नाणी पारखायची: खरं कुठलं, खोटं कुठलं. दिवसा नाणी आणि रात्री तारे. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू बघितला, पुढं तीन इंची दुर्बीण घेतली. १९१८ च्या जूनमध्ये गरुड तारकासमूहात एक झगझगीत नवा तारा उगवला. तो जगात ज्यांनी आपणहून ओळखला त्यांत हे एक. त्यांनी ते हार्वर्डला कळवलं, आणि तिथून त्यांचा रूपविकारी तारे बघणाऱ्यांच्या संस्थेशी संबंध जुळला. १९१९ ते १९५४ या काळात त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. त्यांचं काम बघून १९२६ मध्ये अमेरिकेतून त्यांच्यासाठी सहा इंची दुर्बीण आली. समुद्रमार्गे, एका खजिन्यातल्या कारकुनाच्या नावानं!

१९४७ मध्ये रेषा ओढली गेली आणि जेसोर पलीकडे राहिलं. पुढे चंद्र यांना घर सोडून पश्चिम बंगालात यावं लागलं. ते बारासातला राहिले. ती मोठी दुर्बीण नंतर तरुण खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली, आणि तिथून पुढं तमिळनाडूतल्या कवलूरच्या वेधशाळेत. चंद्र १९७५ मध्ये वारले. गाव सुटलं, घर सुटलं, नोंदीत मात्र त्यांचा जुना आकडा आणि नवा आकडा एकाच रकान्यात, एकाच शाईत आहेत असं मला दिसतं. ताऱ्याच्या तेजाचा आलेख बघा: त्यातल्या कुठल्या ठिपक्याला फाळणीच्या अलीकडचा म्हणायचं आणि कुठल्याला पलीकडचा?

हे आमच्या भागातल्या माणसाला जास्त लागतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. कागद कुठल्या भाषेत मिळावा, पाटी कुठल्या भाषेत असावी, यावर आमच्या तीन पिढ्या झगडल्या. सुप्रीम कोर्टातला दावा २००४ पासून चालू आहे. मीही मराठीतून अर्ज केलेत, यापुढेही करीन. तो हक्क मी आकाशाकडे बघून सोडून देणार नाही. पण रात्री नोंद पाठवताना त्या ओळीत लागतं ते इतकंच: ताऱ्याचं नाव, वेळ, प्रत, कुठल्या शेजाऱ्यांशी ताडलं, आणि निरीक्षकाला दिलेली काही अक्षरांची खूण. हुक्केरीकडच्या एका कन्नड शाळेतले मास्तर माझे सोबती आहेत. ते फोनवर कन्नडमधून विचारतात, मी अर्धं मराठी अर्धं कन्नड असं उत्तर देतो, आणि दोघांचे आकडे एकमेकांना न सांगता आधी लिहून ठेवलेले असतात. तो आमचा नियम आहे. दुसऱ्याचा आकडा कानावर पडला की डोळा तेवढाच बघायला लागतो. लिहून झाल्यावर मग बोलायचं. बहुतेक वेळा एक-दोन दशांशांचा फरक निघतो. जास्त निघाला तरी कुणी आपला खोडत नाही. दोन्ही जातात.

वेळ लिहिण्याची रीतही मला आवडते. तारीख नाही, ज्युलियन दिवसाचा आकडा. हा दिवस मध्यरात्री बदलत नाही, ग्रिनिचच्या दुपारी १२ वाजता बदलतो, म्हणजे रात्रीच्या मधोमध पान उलटायला नको. आपल्याकडे त्या वेळी संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. सोसायटीचा दिवस मिटवून मी किर्द बंद करतो त्याच सुमाराला ताऱ्यांचा दिवस उघडतो, आणि खानापुरातली अख्खी रात्र, दिवेलागणीपासून पहाटेच्या कोंबड्यापर्यंत, एकाच आकड्याखाली येते.

आमच्या वहीत मोठी भोकं पडतात ती पावसाळ्यात. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एकदा ढग बसले की बसले. कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाकडे, कसा पाऊस पडतो हे तिकडे राहिलेल्यालाच माहीत; कपडे चुलीवर वाळवावे लागतात. ऑक्टोबरपर्यंत आकाश नावालाच. दुर्बीण खोक्यात, आरशाला बुरशी धरू नये म्हणून सोबत सिलिकाच्या पुड्या. या चार महिन्यांत एसएस सिग्नी दोनदा तरी भडकून जातो, आणि तो काळ त्याला रात्री बघायला एरवी सर्वांत सोयीचा. सुरुवातीला याचा फार जीव जळायचा. आता ऑगस्टमधल्या पावसाच्या रात्री मी संगणकावर त्याचा आलेख उघडून बसतो. फिनलंडच्या रात्री तेव्हा अजून उजळच असतात, पण स्पेनमधून ठिपके आलेले असतात, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडून एखादा, जपानमधून, टेक्सासमधून. बाहेर पन्हाळीतून पाणी कोसळत असतं आणि समोर तारा चढताना दिसतो. ज्याची ओळख नाही, चेहरा माहीत नाही, अशा माणसानं माझी पाळी सांभाळलेली असते. पुढे नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांच्याकडे बर्फ आणि ढग असतात, तेव्हा आमच्याकडचं आकाश धुतल्यासारखं असतं. ती पाळी आपली.

एकट्यानं सगळं बघेन म्हणणाऱ्याला काय सोसावं लागतं, ते लेस्ली पेल्टियर यांच्याबाबतीत झालं. अमेरिकेत ओहायो राज्यातला शेतकऱ्याचा मुलगा. शेतातल्या स्ट्रॉबेऱ्या तोडून मिळालेल्या पैशातून त्यानं पहिली दुर्बीण घेतली. आयुष्यभरात १ लाख ३२ हजारांहून अधिक नोंदी केल्या. उत्तर मुकुट तारकासमूहात टी कोरोनी बोरिआलिस नावाचा एक तारा आहे. तो १८६६ च्या मे महिन्यात एकदा नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका उजळून गेला होता. तो पुन्हा उजळेल या आशेनं पेल्टियर १९२० पासून त्याच्यावर नजर ठेवून होते. पंचवीस वर्षं. १९४६ च्या फेब्रुवारीत एका पहाटे गजर झाला, ते उठले, घसा धरलाय असं वाटलं, बाहेर कडाक्याची थंडी, आणि ते परत अंथरुणात शिरले. नेमका त्याच पहाटे तारा पेटला.

हे वाचून मला खरोखर रडू आलं होतं. पण त्याच वेळी सोव्हिएत देशात रेल्वेचे रूळ तपासत फिरणाऱ्या कामेन्चुक नावाच्या कामगारानं तो बघितला. वेल्समध्ये पंधरा वर्षांच्या एका शाळकरी पोरानं खिडकीतून बघितला. वहीत खाडा पडला नाही. पेल्टियर त्यानंतरही त्या ताऱ्याकडे बघत राहिले, कुरकुरत का होईना.

टी कोरोनी बोरिआलिस हीसुद्धा जोडीच, पण हिचा भडका वेगळ्या जातीचा. तांबड्या राक्षसी ताऱ्याकडून आलेला हायड्रोजन श्वेतबटूच्या पृष्ठभागावर साचत जातो. दाब आणि उष्णता सोसेनाशी झाली की तो सगळा थर एकदम अणुसंमीलनानं पेटतो. तबकडी रिकामी होणं वेगळं आणि हे वेगळं; म्हणूनच एसएस सिग्नीला पन्नास दिवस लागतात आणि याला ऐंशी वर्षं. श्वेतबटूचं वस्तुमान सूर्याच्या १.४ पटीपलीकडे गेलं तर तो टिकत नाही, आणि इथला श्वेतबटू त्या मर्यादेच्या अगदी जवळ जाऊन बसलेला आहे. ती मर्यादा भौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये, विशीतही नसताना, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर मांडायला घेतली होती. या जोडीचं अंतर सुमारे तीन हजार प्रकाशवर्षं. १७८७ मध्ये आणि त्याआधी १२१७ मध्येही तो दिसला असावा, असं जुन्या कागदांवरून ब्रॅडली शेफर या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांनी दाखवलंय. २०१५ पासून त्याच्या वागण्यात १९४६ च्या आधीसारखा फरक दिसू लागला आणि २०२३ मध्ये तो किंचित मंदावला, तेव्हा २०२४ मध्येच उजळणार असा अंदाज होता. ते वर्ष तसंच गेलं. हे लिहीपर्यंत वाट बघणं चालू आहे.

एसएस सिग्नीही अलीकडे सरळ वागलेला नाही. २०२१ मध्ये तो भडक्यांच्या मधल्या काळातही पुरता विझेना. खाली यायचा तो १२ पर्यंत न उतरता त्याहून उजळच घोटाळायचा, आणि भडकेही खुजे झाले. असलं काहीतरी १९०७-०८ मध्ये झाल्याचं जुन्या नोंदींत आहे. वायूचा ओघ वाढला होता की तबकडीतच काही बदललं, यावर अभ्यासक अजून भांडतायत. एवढ्याशा ताऱ्यानं शंभर वर्षांनी जुनी खोड पुन्हा दाखवली आणि ती जुनी आहे हे ओळखता आलं, ते १९०७ मध्ये कुणीतरी कंटाळा न करता आकडे लिहिले म्हणून. म्हणून पाऊस ओसरल्यावरची पहिली नोंद मला मोलाची वाटते. ऑक्टोबरात रात्री आठच्या सुमाराला हंस उत्तरेकडे चांगला वर आलेला असतो. तो निवांत असताना किती खाली जातो, ११.५ वर थांबतो की १२ च्या पुढं जातो, हे बघायचंय.

टी कोरोनी बोरिआलिससाठी दुर्बिणीचीही गरज नाही, आणि आपल्या भागातून तो फार छान जागी आहे. मे महिन्यात रात्री नऊला पूर्व-ईशान्येला बघा. वर ठळक नारिंगी स्वाती, आणि थोड्या वेळानं ईशान्येला क्षितिजाजवळ उगवणारा निळसर पांढरा अभिजित. स्वातीकडून अभिजितकडे जाताना साधारण एक तृतीयांश वाटेवर लहानशी अर्धगोल कमान लागते, तोच उत्तर मुकुट. मध्यरात्री ती जवळजवळ डोक्यावर येते. कमानीतला एकच तारा ठळक आहे, प्रत सव्वादोन. कमानीच्या पूर्वेकडच्या टोकाजवळ, जरा बाहेरच्या अंगाला, एरवी नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नाही. ती जागा ओळखून ठेवा. एकदा पाठ झाली की दोन मिनिटांचं काम. वळवाचे ढग आले तर तेवढ्यापुरती फट मिळाली तरी पुरतं. तिथं कमानीतल्या ठळक ताऱ्याच्या तोडीचा तारा दिसला, तर तो आठवडाभरातच डोळ्यांना दिसेनासा होणार आहे. तेव्हा आधी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा, कुठल्या ताऱ्याहून ठळक नि कुठल्याहून अंधुक ते लिहा, आणि मग घरच्यांना हाका मारून उठवा.